ठकीची सबब

एका जंगलात, बाळांनो, एक रसिक वाघ राहत होता. बसा नीट, शेपट्या आवरून. हा वाघ धरलेल्या जनावराला लगेच खायचा नाही. आधी विचारायचा, "सबब?" आजवर न ऐकलेली सबब सांगितली, तर सोडून द्यायचा. जुनीच सांगितली, तर खाऊन टाकायचा.

म्हणून त्या रानात सगळ्यांची डोकी कशी लखलखीत होती. जो तो चरता चरता सबबी रचायचा. त्यात ठकी नावाची हरिणी सगळ्यांच्या पुढे. एकदा ती म्हणाली, "सरकार, ही शेपटी शेजारणीकडून उसनी आणलीय. तेवढी परत देऊन येते." वाघ हसून हसून आडवा झाला. पुढच्या वेळी म्हणाली, "मला आज सुतक आहे. मला खाल्लंत तर तुम्हालाही लागेल." वाघाने तिला सोडलंच, वर स्वतः जाऊन आंघोळ केली.

मग शिकून आलेल्या कोल्ह्याने रानात हुशारपेटी आणली. ती उन्हावर चालायची. विचारायचा अवकाश, सबब तयार. ठकीला वाटलं, बरं झालं, उगाच डोक्याला ताप कशाला? ती निवांत चरू लागली. सगळेच निवांत चरू लागले.

वाघाने सांबराला धरलं. "सबब?"

"आदरणीय वाघसाहेब," सांबर म्हणालं, "आपल्या भुकेचा मी मनापासून आदर करतो. तथापि काही अपरिहार्य कारणास्तव आज आपला घास होणे मला शक्य होणार नाही."

वाघ चाट पडला. इतक्या अदबीने त्याच्याशी कुणी बोललंच नव्हतं. त्याने सांबराला सोडलं. मग नीलगाय तेच म्हणाली. तिला त्याने खाल्लं. रानडुक्करही तेच म्हणालं, आणि शेवटी "हा मजकूर आपल्या गरजेनुसार बदलून घ्यावा" हेसुद्धा म्हणालं. त्यालाही खाल्लं.

एके दिवशी आभाळ भरून आलं. पेटी बंद पडली. आणि नेमकी त्याच दिवशी ठकी पाणवठ्यावर सापडली. मानेवर पंजा ठेवून वाघाने विचारलं, "सबब?"

ठकीने डोक्यात शोधलं. पूर्वी तिथे सबबींची झुंबड असायची. आता नुसता वारा वाहत होता. फार भीती वाटली हो तिला.

"सरकार, मला काहीच सुचत नाहीये," ती रडत म्हणाली.

"म्हणजे?"

"डोकं चालत नाही. आधी चालायचं. आता पेटीच चालते."

वाघाने बराच वेळ आठवून पाहिलं. मग पंजा काढला. "हे मी कधीच ऐकलं नव्हतं. जा. आणि कुणाला सांगू नकोस, तू इथे सापडशील हे मला काल पेटीनेच सांगितलं होतं."

ठकी नाचत घरी गेली. लगेच तिने 'न सुचण्याची कला' शिकवायचा वर्ग काढला. सगळं रान लोटलं. कोल्हा तर पहिल्या रांगेत बसला. शिकायला कुणालाच वेळ लागला नाही, कारण तयारी आधीच झालेली होती.

"सबब?" वाघाने कोल्ह्याला विचारलं.

"काहीच सुचत नाही, सरकार."

"हे ऐकलंय," वाघ म्हणाला, आणि त्याने कोल्ह्याला खाल्लं. मागोमाग सगळा वर्गही खाल्ला.

आता रानात ठकी एकटीच चरते आहे. वाघाचं पोट उद्यापर्यंत भरलेलं आहे. ठकी म्हणते, उद्याचं उद्या पेटीला विचारू.

तात्पर्य : डोकं बंद पडलं तरी घाबरू नये, बाळांनो. फक्त ते सगळ्यांच्या आधी कबूल करावं.