शेवटच्या पानाचा चिमटा

दातारबाई हत्तीची हजेरी घ्यायच्या. मुलांची नंतर, आधी हत्तीची.

"हत्ती?" त्या चष्म्यावरून विचारायच्या.

"हजर, बाई!" अख्खी बालवाडी ओरडायची.

मग वाघ, अस्वल, कासव, जिराफ. पनवेलच्या आमच्या शाळेत त्यांची बालवाडी आणि माझी पहिली यांच्यामध्ये एकच पातळ भिंत होती. त्यामुळे नव्वदच्या आसपासची ती सगळी वर्षं मी बेरजा शिकवल्या त्या जंगलात बसूनच. एकदा सात अधिक दोन किती विचारलं, तर उत्तर आलं, "अस्वल." मीही क्षणभर बरोबर धरलं.

हे सगळे प्राणी बाईंच्या एकुलत्या एका चित्रांच्या पुस्तकात राहत. भलंमोठं, जाड पानांचं, शिवणीवर जखमेची चिकटपट्टी लावलेलं. जनावरं दिवसभर रानात भटकतात आणि शेवटच्या पानावर सगळी एका झाडाखाली येऊन झोपतात, एवढीच गोष्ट. पण बाईंनी प्रत्येकाला पत्ता दिला होता. अस्वल कर्नाळ्याचं. कासव उरणचं. जिराफ मुंबईचा, कारण "एवढी मान घेऊन पनवेलच्या घरात मावेल का तो?" पान उलटताना त्या वाघाला "सरक रे जरा" म्हणायच्या, आणि वाघ सरकायचा, असं मुलं शपथेवर सांगत.

शेवटच्या पानाला मात्र कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा लावलेला असे. वर्गातलं एकही मूल गैरहजर असलं, की तो निघत नसे.

"पुस्तकातले सगळे घरी आले आणि आपल्यातलं कुणी बाहेरच, हे कसं चालेल? नियम म्हणजे नियम."

आता पंचाईत अशी, की डोंगराजवळच्या वाडीतली पोरं दिवाळी झाली की आईबापांबरोबर वीटभट्टीवर जात. कामोठ्याकडे इमारती उभ्या राहत होत्या, विटा कितीही भाजल्या तरी कमीच पडत. पोरं परतायची ती पावसाळ्यात भट्ट्या बंद झाल्यावर. तोवर बाकीची मुलं पहिलीत, म्हणजे माझ्या ताब्यात आलेली. मग बाई माझ्या दारात उभ्या. "तुझी पोरं जरा दे गं. आले सगळे." माझा वर्ग भिंतीपलीकडे जायचा आणि तिकडे अशी काही शांतता पसरायची, की मी रिकाम्या बाकांसमोर उगीच उभी राहायची.

एकदा तपासणीला साहेब आले. बाईंनी त्यांना सतरंजीवर बसवलं, पाणघोडा केलं आणि हजेरीला "हजर, बाई" म्हणायला लावलं. साहेब खुलले. म्हणाले, "आता शेवट सांगा."

"पोरं भट्टीवर आहेत, साहेब. पावसाळ्यात या."

"अहो, पण मी आज आलोय ना!"

"तुम्ही आलात हो. ती कुठे आलीत?"

साहेब शेवट न ऐकताच गेले. जाताना जिराफाचं पान मात्र त्यांनी पुन्हा मागून घेऊन पाहिलं.

बाई निवृत्त झाल्या त्या उन्हाळ्यात बारकी जासईकडच्या भट्टीवर होती. वाडीतली ही पोर गोष्ट चालू असताना कासवावर बोट ठेवून बसायची, ते हरवू नये म्हणून. निरोपाची शाल झाली, नारळ झाला. हेडमास्तर म्हणाले, "बाई, आज तरी चिमटा काढा."

बाईंनी वर्गावरून नजर फिरवली. "बारकी कुठंय?"

मग त्यांनी पुस्तक माझ्या हातात दिलं. "ती आली की तूच वाच." तळ्याजवळच्या दोन खोल्यांत त्या एकट्याच राहत, वाट बघणारं घरी कुणी नव्हतं. तरी त्या दिवशी घाईघाईने निघून गेल्या.

पावसाळ्यात बारकी आली. उंच झालेली, पुढचे दोन दात पडलेले. मी सगळ्यांना गोळा केलं, हत्तीपासून हजेरी घेतली. शेवटी चिमट्याला हात घातला, तशी बारकीने पानावर पंजा ठेवला.

"सगली कुठं आल्यात? आपल्या बाई नाय आल्या."

"त्या आता नाही यायच्या गं. त्यांची नोकरी संपली."

"मंग चिमटा नाय काढायचा."

"नियम म्हणजे नियम!" बाकीच्यांनी गिल्ला केला. मला रडूच आलं. मी पुस्तक मिटून ठेवलं.

संध्याकाळी बाईंकडे गेले. एकच कप विसळून पालथा घातलेला होता. मी झालेलं सांगितलं. त्या बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या.

"बरोबर आहे तिचं," म्हणाल्या.

मग उठून त्यांनी कपाटातून शाळेची निळी साडी काढली, तिच्या घडीवरून हात फिरवला. जन्मभर शाळेची घंटा ज्यांनी ऐकली, त्या बाई माझ्याकडे न बघता हळूच विचारत होत्या,

"शाळा किती वाजता भरते गं हल्ली?"