नगराध्यक्षांचा नवरा

कोणी कागद घेऊन पुढे आलं, की मल्लाप्पाण्णा दोन्ही हात पाठीमागे घेतात. लगेच. लग्नाची पत्रिका असली तरी आधी लांबूनच वाचतात, आणि ती पत्रिकाच आहे याची खात्री झाली की मग एक हात पुढे येतो.

"अर्ज असंल तर नगरपरिषदेत न्या," ते सांगतात. "मी अध्यक्षांचा नवरा हाय. दुकानात या, पातेलं दावतो."

आमचं गाव कर्नाटकाच्या अंगाला, कोल्हापूरपासून एसटीनं तासाभरावर. नगराध्यक्षांच्या दालनाबाहेर गेली अकरा वर्षं माझं टेबल आहे. भेटायला येणाऱ्याचं नाव, पत्ता, काम लिहून घ्यायचं, चिठ्ठी द्यायची आणि क्रमानं आत सोडायचं. शैलजा मॅडमच्या आधीचे दोन अध्यक्ष पुरुष होते. त्यांच्या बायका झेंडावंदनाला आणि हळदीकुंकवाला यायच्या, पहिल्या रांगेत बसायच्या आणि जायच्या. गटार तुंबलं म्हणून त्यांना कधी कोणी गाठलं नाही. मग पद महिलांसाठी राखीव झालं, हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालेल्या शैलजा मॅडम निवडून आल्या, आणि सगळं गाव भांड्यांच्या दुकानात जाऊन त्यांच्या नवऱ्याचं अभिनंदन करून आलं. अध्यक्षाची बायको ही बायको, पण अध्यक्षिणीचा नवरा म्हणजे खुद्द अध्यक्ष, असा आमच्याकडचा हिशोब. तो मल्लाप्पाण्णांनी एकट्यानं चुकीचा ठरवायला घेतला.

पहिल्या दिवशी कोणीतरी मॅडमच्या खुर्चीशेजारी दुसरी खुर्ची मांडून ठेवली होती. 'साहेबांसाठी.' ती मॅडमच्या खुर्चीपेक्षा चार बोटं उंच होती. अण्णा हार घेऊन आले होते. त्यांनी हार मॅडमच्या हातात दिला, खुर्ची उचलली, बाहेर आणून माझ्या टेबलासमोर ठेवली आणि मला म्हणाले, "बाई, म्हातारीकोतारी येत्यात, हितं बसवा." त्या खुर्चीवर आता अर्जदार बसतात.

गणपतीत चौकात मोठा फ्लेक्स लागला. मॅडमचा फोटो पासपोर्टएवढा आणि अण्णांचा चेहरा परातीएवढा. अण्णा शिडी घेऊन गेले, पत्रा कापायच्या कात्रीनं स्वतःचा चेहरा गोल कापला आणि खाली उतरले. विसर्जनापर्यंत मॅडमच्या शेजारी ते भगदाड होतं, त्यातून पलीकडचं लिंबाचं झाड दिसायचं. कापलेला तुकडा दुकानात धूळ बसू नये म्हणून हंड्यावर झाकलाय. "माझा एवढा उपयोगाला आलेला फोटो दुसरा न्हाई," असं ते गिऱ्हाइकांना सांगतात.

हा हट्ट कधीकधी गल्लीलाही भोवतो. त्यांच्या दारापुढची पाण्याची पाइप फुटली, तर अण्णांनी रीतसर तक्रार नोंदवली आणि चार दिवस वाट बघत बसले. शेजारीण भांडायला आली. "अवो अण्णा, घरात अध्यक्ष असताना आमी घागरी घिऊन कुठं हिंडायचं?"

"घरात अध्यक्ष न्हाई," अण्णा म्हणाले. "घरात शैला हाय. अध्यक्ष धाच्या पुढं हापिसात घावतील."

त्यांचं दुकान एका बोळात आहे. हातगाडी आत आली की गिऱ्हाइकाला बाहेर जावं लागतं. मेन रोडला दुकान असावं ही अण्णांची तीस वर्षांची इच्छा. रस्त्यावर एखादा गाळा रिकामा झाला, की संध्याकाळी ते पावलांनी त्याची रुंदी मोजून येतात. मोजतात आणि परत येतात.

याच दिवसांत काही नगरसेवकांनी नगरपरिषदेच्या शाळेच्या मैदानावर गाळे काढायचं ठरवलं. मॅडम तो विषय सभेपुढे घेईनात. तीनदा फाइल आत गेली, तीनदा तशीच बाहेर आली.

त्या आठवड्यात मी अण्णांच्या दुकानात होते. भाचीच्या लग्नात द्यायच्या पिंपावर नाव घालून घ्यायचं होतं.

"कुणाचं घालू?" अण्णांनी मशीन हातात घेतलं.

"आमच्या ह्यांचं."

"पिंप कुणी घेतलं?"

"मी."

"मग भांडं ज्याचं, नाव त्याचं," म्हणाले आणि माझं नाव घालायला लागले. अर्धं झालं असेल, तेवढ्यात उपाध्यक्ष आत आले. मागं दोघं बोळातच उभे राहिले, कारण आत जागा नव्हती.

"अण्णा, किती दिवस ह्या बिळात ऱ्हाणार? मैदानावरचा कोपऱ्याचा पयला गाळा तुमचा. दोन्हीकडनं रस्ता. वहिनींस्नी फकस्त विषय घ्यायला सांगा."

मशीन थांबलं.

"शटर कुठल्या अंगाला?" त्यांनी विचारलं.

"पूर्वेला."

"वर माळा?"

"हाय की!"

अण्णांनी बोळाकडे एक नजर टाकली. "गाळा झकास हाय. पर त्या जागंवर सध्या पोरी खो-खो खेळत्यात."

"पोरी काय, खेळतील कुठंबी."

"मग मीबी भांडी इकीन कुठंबी."

उपाध्यक्ष हसले. "म्हंजे घरात तुमचं चालत न्हाई म्हणा की."

अण्णा उठून दारात आले आणि आख्ख्या बोळाला ऐकू जाईल असं ओरडले, "न्हाई चालत! लगीन झाल्यापास्नं चालत न्हाई! लिहून घ्या आनि चौकात लावा! फ्लेक्सला मोकळी जागा मीच करून ठेवलीया!"

मंडळी गेली. अण्णांनी राहिलेलं नाव पूर्ण केलं. माझ्या नावाची उरलेली अक्षरं त्या पिंपावर वाकडी आहेत.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला ते माझ्या टेबलासमोर उभे. हातात कापडी पिशवी. त्या हारानंतर अध्यक्षांना भेटायला ते पहिल्यांदाच येत होते.

"चिठ्ठी द्या बाई."

"अण्णा, तुम्ही सरळ आत जा हो."

"रांग हाय न्हवं? मग?"

मी नाव लिहिलं. "काम काय लिहू?"

ते जरा घुटमळले. "लिहा, घरगुती."

नववा नंबर लागला. दीड तास ते बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिले. पाणी हवं का विचारलं, तर मानेनंच नको म्हणाले. त्यांचा नंबर आला तेव्हा एक वाजून गेला होता. दार त्यांनी उघडंच ठेवलं. बंद दाराआड काय ठरलं, असं कोणी म्हणायला नको.

"गाळा देत हुते. नको म्हटलं," त्यांचा आवाज आला. "तुला न विचारता."

"दुकान तुमचं. मला कशाला विचारायचं?" मॅडम म्हणाल्या.

"कोपऱ्याचा हुता, शैला."

एवढ्या हळू बोलताना मी अण्णांना कधी ऐकलं नव्हतं. मग मॅडम म्हणाल्या, "ठाऊक आहे. फाइलमधल्या नकाशात मी तोच आधी बघितला होता."

डब्याची झाकणं वाजली. मी सहज मान वळवली. भाकरी, झुणका, दही. भाकरी अण्णांनीच थापलेली असणार, कारण तिला चार कोपरे होते.

"तुम्ही जेवलात?"

"न्हाई. तू दुपारी येत न्हाईस. एकट्याला घास उतरत न्हाई. निवडणूक झाल्यापास्नं दुकानातच चहात बटर बुडवून खातोय."

मॅडमनी मला हाक मारली. "बाई, उद्यापासून एक वाजता रोज यांचं नाव लिहा."

"रोज नगं," अण्णा घाईनं म्हणाले. "लोकं म्हणतील, नवऱ्याला वशिला."

"म्हणू देत," मॅडम म्हणाल्या. त्यांनी फायली बाजूला सारल्या, भाकरी मोडली आणि मोठा तुकडा त्यांच्यापुढे ठेवला.