दोन किलो गेरू

पोळ्याच्या सकाळी उकंडरावांनी बैल धुतले, शिंगं रंगवली आणि अंगावर वाटीचे ठसे उठवायला गेरू शोधला, तर घरात गेरूच नाही. तेवढ्यात देवघराच्या कोनाड्यात स्टीलचा डबा दिसला. आत लालभडक भुकटी, मैद्यासारखी बारीक. पोरीनं आठवणीनं आणला म्हणून त्यांचा ऊर भरून आला.

पोरगी राखी एका पोलाद कारखान्याच्या प्रयोगशाळेत नवीन लागली होती. डब्यात होतं दोन किलो दळलेलं लोहखनिज. कोळशाऐवजी हायड्रोजनवर चालणाऱ्या नव्या भट्टीला ते चालेल का, हे ठरायचं होतं. जुन्या भट्टीत खनिजातली माती वितळून वेगळी होते; नव्या भट्टीत ती लोखंडातच ठाण मांडून बसते, म्हणून एवढी चौकशी. नमुना उद्या नागपूरला द्यायचा होता, आणि राखीची नोकरी पक्की होणार होती ती याच कामावर.

"बाबा, इथला डबा कुठी गेला?"

"बैलाले लावला नं. शेजारच्या हिंमतरावच्या जोडीलेही देल्ला. उरला त्यात ओटा रंगवला."

राखी ओट्याकडे धावली. "बाबा, तो गेरू नव्हता. कंपनीचा माल होता."

"मंग डब्यावर लिवाव नं."

"लिवलं होतं."

"इंग्रजीत," उकंडराव म्हणाले, जणू चूक त्या भाषेचीच होती.

आई, रुखमाबाई, डोकेबाज. "बैल धू, पाणी घमेल्यात धर, वाळव, भुकटी परत डब्यात." मायलेकींनी बैल तीनदा घासला. रंग हलेना. बैल मात्र वैतागला आणि राखीच्या पायावर पाय ठेवून निवांत उभा राहिला.

डब्याच्या तळाशी दोन चमचे उरले होते. तेवढेच पुडीत बांधून लंगडत ती नागपूरला पोचली आणि नमुन्यासोबतच्या फॉर्मवर, शेऱ्याच्या रकान्यात, खरं तेच लिहिलं: 'बाकी नमुना बैलांना लागला. तीनदा धुऊनही निघत नाही.'

आठ दिवसांनी तिच्या साहेबांनी, गजेंद्र सरांनी, बोलावलं. बिचारीनं राजीनामा लिहूनच नेला.

"निघणार कसा?" सर म्हणाले. "तुमचा शेरा वाचून पुन्हा तपासलं, चिकणमाती चालते त्याच्या चौपट आहे त्यात. आपण हजार टन घेणार होतो, अख्खी भट्टी चोंदली असती. याच खाणीचे नमुने आणणाऱ्या बाकीच्यांनी फक्त आकडे पाठवले, खरं तुम्ही लिहिलंत. नोकरी पक्की. पुढच्या वेळी बैल वापरण्याआधी कळवा तेवढं."

राखीनं घरी फोन लावला. माल खराब निघाला, नापास झाला, सगळं सांगितलं. उकंडरावांचा आवाज चढला.

"खराब काऊन? त्याच मालानं माह्या जोडीचा पोळ्याच्या तोरणात पयला नंबर आला. तुह्या सायबाले सांग, आधी बैल येऊन पाहा, मंग मालाले नावं ठेवा."