सात रंगांच्या तक्त्याची चोरी

"अख्ख्या रॉसकॉमन परगण्यात माझ्यासारखं नाक दुसरं नाही," असं फिंटन मामा सांगायचा, आणि नाकाच्या लांबीबद्दल कुणाचाच वाद नव्हता. पस्तीस वर्षं त्याने टपाल कचेरीत पत्रं निवडली होती. "पाकीट न फोडता आतलं ओळखायचो मी. विजेचं बिल हाताला गार लागतं, प्रेमपत्र जड लागतं." निवृत्त झाल्यावर तो आयर्लंडमधल्या किलब्रॅक गावी बहिणीच्या घरी मागच्या खोलीत राहायला आला आणि दुसऱ्याच दिवशी खोलीच्या दारावर 'गुप्त चौकशी कचेरी' अशी पाटी ठोकली. ती गुप्त असल्यामुळे पाटी आतल्या बाजूला होती. आजवर त्याने तीन प्रकरणं हाताळली होती. पाद्रीबुवांचा चष्मा पाद्रीबुवांच्या कपाळावर सापडला, तोही पाद्रीबुवांनाच. गावच्या सभागृहातली किटली सभागृहातच निघाली. आणि एक मेंढी होती, ती मुळात हरवलेलीच नव्हती.

चौथं प्रकरण मात्र घरातलंच निघालं, आणि त्यात मामाची भाची ब्रॉना हिचा जीव अडकला होता.

ब्रॉना शाळेच्या शेवटच्या वर्षाला. जूनच्या पहिल्या बुधवारी परीक्षा, विषय सात. तिला गॉलवेला नर्सिंगला जायचं होतं आणि गणितात नापास झाली तर गॉलवे फक्त नकाशात बघायचं होतं. ईस्टरची सुट्टी लागली तशी ती मोठा कागद पसरून वेळापत्रक करायला बसली. पाच दिवस खपली. जीवशास्त्राला हिरवा रंग, भूगोलाला तपकिरी, फ्रेंचला जांभळा, आयरिशला भगवा, इंग्रजीला निळा, गृहशास्त्राला पिवळा. गणिताला कुठला द्यावा यात एक अख्खी दुपार गेली आणि शेवटी करडा दिला. विश्रांतीचे चौकोन गुलाबी, आणि ते फार सुंदर दिसत होते. रविवारी रात्री तक्ता फ्रिजच्या दारावर लागला. अभ्यास सोमवारी सकाळी नऊला सुरू व्हायचा होता.

सोमवारी सकाळी नऊला फ्रिजचं दार कोरं करकरीत होतं.

खरं सांगायचं तर ते रिकामं दार बघून ब्रॉनाला पहिल्यांदा हलकं वाटलं. भीती नंतर आली, चहाचा दुसरा घोट घेताना. पण तोवर मामा भिंग घेऊन हजर झाला होता.

"कुणीही कशाला हात लावायचा नाही," तो म्हणाला.

"मला दूध काढायचंय," आई, म्हणजे असम्टा, म्हणाली.

"दूध हा पुरावा आहे."

"पुरावा माझ्या चहात येऊ दे आधी. सरक."

मामाने चारही चुंबकं मोजली. ती चारच होती. "बघ ब्रॉना. घाईतला चोर कागद ओढतो, चुंबकं खाली पडतात. इथे चारही एका रांगेत ठेवलीयेत. म्हणजे चोर नीटनेटका आहे. म्हणजे या घरातला नाही."

आईने कप जरा जोरात ठेवला.

ओट्याशेजारी नोनी आजी बटाटे सोलत बसली होती. ही ब्रॉनाच्या वडिलांची आई, वय चौऱ्याऐंशी. तिने सुरी खाली ठेवली. "फिंटन, अरे तो कागद ना..."

"आजी, साक्षीदारांनी विचारल्याशिवाय बोलायचं नाही. सगळं गढूळ होतं. तुमची पाळी आली की विचारीन."

आजीने सुरी उचलली आणि पुढचा बटाटा घेतला.

पहिला संशय शेजारच्या क्लोडावर. ब्रॉनाच्याच वर्गातली, वर्गात पहिली. "प्रतिस्पर्धी!" मामा कुजबुजला. "तुझी गुरुकिल्ली पळवली तिने." ब्रॉनाच्या वडिलांची जुनी टोपी डोळ्यांवर ओढून, हातात वही घेऊन तो शिरगणतीचा माणूस म्हणून क्लोडाच्या दारात उभा राहिला. मदतनीस म्हणून ब्रॉनाला बरोबर नेलं होतं, त्यामुळे वेषांतराचा जो काही उपयोग होता तोही गेला.

"ये मामा," क्लोडा म्हणाली. "टोपी छान आहे. ब्रॉनाच्या बाबांची ना?"

"घरात वेळापत्रकं किती?" मामाने घोगऱ्या आवाजात विचारलं.

"एकही नाही."

"सात विषयांची आखणी कशी करता मग?"

"आखणी नाही करत. नुसता अभ्यास करते." क्लोडाच्या हातात पेन होतं आणि बोटांना शाई लागली होती. "ब्रॉना, तुझं कुठवर आलंय?"

"चाललंय," ब्रॉना म्हणाली. परतताना मामा वाटभर सांगत होता की इतका चोख खोटेपणा त्याने उभ्या आयुष्यात पाहिला नाही. तो क्लोडाबद्दल बोलत होता.

मंगळवारी संशय घरच्या कुत्र्यावर गेला. मामाने दिवसभर त्याच्या मागे मागे शेतं तुडवली आणि जे काही बाहेर पडलं ते काडीने तपासलं. त्यात कुठलाच रंग नव्हता. ब्रॉना टिपणं घेत होती. तीन पानं भरली. गेल्या तीन महिन्यांत तिने एवढं लिहिलं नव्हतं.

"तू अभ्यासाला का बसत नाहीस?" आईने संध्याकाळी विचारलं.

"कुठला विषय घेऊ? तक्त्याशिवाय कळणार कसं?"

"नाचता येईना अंगण वाकडं," आई म्हणाली. आजीने पुन्हा तोंड उघडलं. मामाने बोट वर केलं. आजीने तोंड मिटलं.

बुधवारी दुपारी मामाने सगळ्यांना स्वयंपाकघरात जमवलं. सोडा घातलेल्या पावावर लोणी जाड थापून झालं, चहा ओतून झाला आणि तो खिडकीपाशी पाठमोरा उभा राहिला. बाहेर कपडे वाळत होते, त्यामुळे तो आईच्या गाऊनकडे बघून बोलत होता.

"चोराला काय मिळालं, असा प्रश्न मी स्वतःला विचारला. उत्तर आलं, सुट्टी. तीन दिवसांची सुट्टी कुणी उपभोगली? चुंबकं कुठे ठेवायची कुणाला ठाऊक? ज्याने लावली त्याला." तो गर्रकन वळला. "ब्रॉना, तूच तुझा तक्ता पळवलास."

"मी नाही पळवला," ब्रॉना म्हणाली. पण तिचा आवाज चोरासारखाच निघाला, कारण निम्मं खरं होतं. तक्ता तिने घेतला नव्हता. पण तो सापडू नये असं तिला सोमवारपासून वाटत होतं. सापडला की गणिताचं पुस्तक उघडावं लागलं असतं, आणि उघडलं की आपल्याला काहीच येत नाही हे कळलं असतं. तिचे डोळे भरून आले. आई उठून तिच्यामागे येऊन उभी राहिली.

"फिंटन, पुरे झालं," आई म्हणाली.

तेवढ्यात भिंतीवरचा फोन वाजला. आईने घेतला. बराच वेळ ती नुसती ऐकत होती. मग तिने सासूकडे पाहिलं.

"मठातून सिस्टर बेनिग्ना बोलतायत. विचारतायत, ब्रॉनाच्या तक्त्यात शनिवारी चार ते पाच 'तक्त्याची फेररचना' असं लिहिलंय. त्यासाठी नक्की कुठली प्रार्थना म्हणायची?"

आजी बटाटे सोलत राहिली.

"आजी," मामा खोल आवाजात म्हणाला, "तुम्ही?"

"विचारलंस एकदाचं," आजी म्हणाली. "सोमवारी मठात पहाटेच्या प्रार्थनेला गेले तेव्हा नेला. दर वेळी मी सिस्टरांना चिठ्ठी लिहून देते बाई. गाईच्या वेळी दिली, ब्रॉनाच्या बाबांच्या कमरेच्या वेळी दिली. पण इथे विषय सात. नुसतं 'नातीला परीक्षेत यश दे' म्हटलं तर देवाने काय समजायचं, भूगोलात द्यायचं की फ्रेंचमध्ये? म्हटलं, कागदच देऊ. इथे तरी कोण बघणार होतं त्याच्याकडे."

"मग तीन दिवस बोलला का नाहीत?"

"तूच म्हणालास, पाळी आली की विचारीन. वाट बघत होते."

"काखेत कळसा," आई पुटपुटली आणि पुन्हा फोन कानाला लावला. हळूहळू सगळं बाहेर आलं. मठात आता सातच जणी उरल्या होत्या, म्हणून एकेकीने एकेक विषय वाटून घेतला. सोमवारी नऊला ठरल्याबरहुकूम जीवशास्त्र सुरू झालं. तेव्हापासून एकही तास चुकला नव्हता. गुलाबी चौकोनांत त्या चहा घेत होत्या.

ब्रॉनाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीन दिवस ती मामाबरोबर चोराच्या मागे हिंडत होती आणि तिकडे सात म्हाताऱ्या तिच्या वेळापत्रकाप्रमाणे गुडघे टेकत होत्या.

"आता कुठला तास चालू आहे?" तिने विचारलं.

आईने विचारून सांगितलं. "गणित. चार वाजता सुरू झालंय. सिस्टर फिनबारकडे आहे, त्यांना एक्क्याण्णवावं लागलंय. त्यांना तुझ्याशी बोलायचंय."

ब्रॉनाने फोन घेतला. पलीकडे कुणीतरी कण्हत खुर्चीत बसल्याचा आवाज आला.

"मी गुडघ्यांवर होते," एक कोरडा आवाज म्हणाला. "तू कुठे आहेस?"

"स्वयंपाकघरात, सिस्टर."

"पुस्तक?"

"वर आहे."

"आज तिसरा करडा चौकोन. किती उदाहरणं झाली?"

खोटं तिच्या ओठांवर आलं होतं. "एकही नाही, सिस्टर. मला येतच नाही. उघडायची भीती वाटते."

इकडे मामा वहीत लिहीत होता की धर्मसंस्थेवर आपला पहिल्यापासून संशय होता.

"असं कर," सिस्टर फिनबार म्हणाल्या. "मी चाळीस वर्षं गणित शिकवलंय. बाकीच्या सहा विषयांचं देव बघून घेईल, पण गणित त्याच्यावर सोडून कुणी पास झालेलं मी कधी पाहिलं नाही. पुस्तक घेऊन ये आणि पहिलं उदाहरण मला वाचून दाखव. मी फोन धरून बसलेय."

ब्रॉना जिन्यावरून धावत गेली. पुस्तक आणलं, ओट्यावरची बटाट्याची सालं बाजूला सारून जागा केली आणि उदाहरण वाचलं. मग पेन्सिल घेऊन सोडवायला लागली. आईने दार लोटून घेतलं, आजीने सुरी ठेवली, मामाने वही मिटली. सात मिनिटांनी तिने फोनवर उत्तर सांगितलं.

"चूक," सिस्टर फिनबार म्हणाल्या. "पण पहिल्या तीन पायऱ्या बरोबर आहेत. चौथीपासून पुन्हा कर."