चाकाचा धुरा

मनोहरभाऊ इंगोले कुणाला नमस्कार करत नाहीत. ते वजन विचारतात.

अमरावतीत आम्ही नव्या घरात राहायला आलो, त्या सकाळी दूध कुठे मिळतं हे विचारायला मी शेजारी गेलो. फाटकातच एका उंच, पांढऱ्या मिशांच्या गृहस्थांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"मास्तर ना तुमी? वजन किती?"

मला वाटलं, डॉक्टर असतील. मी खरं ते सांगून टाकलं, चौऱ्याऐंशी. गृहस्थांचा चेहरा उजळला. "बेस! मांगच्या सीटवर बसा," असं म्हणून त्यांनी गाडीचं दार उघडलं, आणि मीही जाऊन बसलो. दूध त्या दिवशी राहूनच गेलं.

गाडी म्हणजे त्यांच्या वडलांची जुनी पद्मिनी. भाऊ जमीन मोजणीच्या खात्यात होते. उभा जन्म लोकांच्या शेतांच्या हद्दी मोजल्या. निवृत्त झाल्यावर मोजायला काही उरलं नाही, म्हणून ही गाडी हाती घेतली. रंग नवा, सीटा नव्या, इंजिन तर भलत्याच गाडीचं. अडलं होतं ते चाकांपाशी. दसऱ्याला गाडी भरून दर्यापूरला, म्हणजे त्यांच्या गावी न्यायची, असं त्यांनी सगळ्या कॉलनीला सांगून ठेवलं होतं, आणि चाकं काही ठरत नव्हती.

मूळची चाकं अरुंद होती, भाऊंना रुंद हवी होती. रुंद चाक घेतलं की ते किती आत बसवायचं आणि किती बाहेर ठेवायचं, हा प्रश्न येतो. त्या मापाला ऑफसेट म्हणतात. हे मला पंधरा दिवसांनी कळलं, कारण भाऊ सगळं शेताच्या भाषेत सांगत.

"हे पाहा मास्तर. आतून स्प्रिंगच्या पाट्यायचं वावर, बाहेरून मडगार्डाचं वावर. चाकानं आपल्या धुऱ्यात राहावं. बोटभर सरकलं का अतिक्रमण!"

वावर म्हणजे शेत, आणि धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध. भाऊ तो शब्द इतक्या वेळा उच्चारत की मलाही स्वप्नात धुरे दिसू लागले. माणसांच्या वजनाने गाडी खाली दबली तरी टायर आणि मडगार्ड यांच्यामधून बोट गेलं पाहिजे, हा त्यांचा नियम. बोट त्यांचंच, दुसऱ्याचं चालत नसे. वहिनी कपाळाला हात लावत. "लग्नाच्या वक्ताले माही पत्रिकाबी नाही पाह्यली ह्यायनं. अन् चाकं पाहा कशी पाहून राहिले!"

चाकं पाहायला आम्ही अकोल्याला गेलो. दुकानदार सलीमभाईंनी पंधरा इंची, आरशासारखी चकचकीत चाकं लावून दाखवली. "भाऊ, हेच टाका. गाडी शेर दिसते." दिसत होतीच. मी तर मनातल्या मनात दर्यापूरला पोचलोसुद्धा. पण भाऊंनी खिशातली स्टीलची पट्टी काढली आणि दुकानातल्या प्रत्येकाला वजन विचारायला सुरुवात केली. पंक्चर काढायला आलेल्या एका निरुपद्रवी माणसालाही त्यांनी गाडीत कोंबलं.

"मांगच्या डाव्या कोपऱ्यात एकशे पाच पाहिजे," भाऊ म्हणाले.

एकशे पाच किलोचा माणूस दुकानात नव्हता. मग मला डाव्या कोपऱ्यात बसवून माझ्या मांडीवर ट्रकची एकवीस किलोची बॅटरी ठेवण्यात आली. गाडी पहिल्याच खड्ड्यात गेली आणि माझ्या बुडाखालून आवाज आला, खर्रर्र.

"अतिक्रमण!" भाऊ ओरडले.

सलीमभाई काकुळतीला आले. "अहो भाऊ, नव्वदपर्यंत नाही घासत. एकशे पाच किलोचा कोन बसते तिथं?"

"बसते," भाऊ म्हणाले, आणि पट्टी पुन्हा खिशात घातली.

शेवटी चौदा इंची, थोडी रुंद आणि बेताने आत बसणारी चाकं ठरली. गाडी शेर दिसेना, पण बॅटरीसकट मी बसलो तरी घासेना. माझे गुडघे मात्र आठवडाभर दुखत होते.

दसऱ्याला गाडीची पूजा झाली, झेंडूचा हार चढला. पुढे भाऊ आणि वहिनी, मागे मी. मी सवयीने डावीकडे सरकलो, तर भाऊ म्हणाले, "उजवीकडंच बसा मास्तर." डावा कोपरा रिकामाच ठेवून आम्ही निघालो.

वलगाव मागे पडल्यावर भाऊ आपणहून बोलू लागले. लहानपणी वडील गाडी चालवायचे, पुढे हे, आणि मागे डाव्या खिडकीशी धाकटा भाऊ सुधाकर. वाटणी झाली तेव्हा शेत दुसऱ्या कुणी मोजू नये म्हणून भाऊंनी स्वतःच मोजलं. सुधाकरचा धुरा भाऊंच्या वाट्यात दीड फूट आत आलेला निघाला, आणि भाऊंनी तसं कागदावर लिहिलं. "भावाच्या वावरात भाऊ टेप लावते?" एवढंच सुधाकर बोलला. त्याला अकरा वर्षं झाली.

"माप बराबर होतं, मास्तर," भाऊ म्हणाले. मग एक खड्डा चुकवून म्हणाले, "पन मोजाले नव्हतं पाहिजे."

दर्यापूरला घरासमोर गाडी थांबली. ओट्यावर एक उंच, किडकिडीत माणूस बसला होता. सुधाकरभाऊ कुठे आहेत, हे मी त्यालाच विचारणार होतो. भाऊ हातात आपट्याची पानं घेऊन उतरले, त्याच्यासमोर उभे राहिले. काय बोलायचं ते अकरा वर्षं ठरवलं असणार, पण तोंडातून नेहमीचंच निघालं.

"सुधा, वजन किती?"

"अडुसष्ट."

"एकशे पाच होतं ना बाप्पा!"

"शुगर झाली. तू धुरे मोजत बसला दादा, तवर मी अर्धा झालो."

भाऊंच्या हातातली पानं खाली पडली. ती वेचायला दोघे एकदमच वाकले आणि बराच वेळ वर आलेच नाहीत. वहिनींनी डोळ्यांना पदर लावला. मीही चष्मा पुसून घेतला, उगाच नाही कशाला म्हणू.

मग सुधाकरभाऊ न सांगता डाव्या कोपऱ्यात जाऊन बसले आणि त्यांनी खिडकीची काच खाली केली. गावाला एक फेरी झाली. रस्त्यात खड्डे भरपूर होते, चाक कुठेही घासलं नाही. माझी जीभ मात्र वळवळलीच.

"भाऊ, अडुसष्टच असतील, तर ती पंधरा इंचीसुद्धा बसली असती की!"

भाऊंनी आरशातून मागे पाहिलं.

"नाही मास्तर, हेच राहू द्या. त्याले पुन्हा अंग धराले जागा पाहिजे."