काळ्याचा धबधबा

आमच्या कॉलनीत पाणी रोज वाहतं ते एकाच ठिकाणी, दिगूकाका देशपांड्यांच्या डबा टीव्हीत. आमच्या नळांना आठवडा-आठवडा थेंब नाही. शेंद्र्याच्या रस्त्याला नव्या इमारती उगवतायत, पाइपलाइन कागदावरच धावतेय, आणि सोसायटीचे हे अध्यक्ष गेममधला धबधबा तपासत बसतात!

काका छावणीतल्या शाळेत चित्रकला शिकवायचे. निवृत्त झाले आणि माळ्यावरून व्हिडिओ गेमच्या दोन जुन्या मशिनी काढून बसले. एक काळी, एक राखाडी. काका त्यांना बैलांसारखं ‘काळ्या’ आणि ‘राखाड्या’ म्हणतात.

त्या शनिवारी अकराला पाण्याचा मोर्चा होता. निवेदनावर अध्यक्षांची सही हवी, म्हणून दहाला गेलो.

“काका, सही.”

“बस आधी. काळ्याला आरपार दिसणारं पाणी काढताच येत नाय. मग पठ्ठ्यानं काय केलं? एक उभी रेघ पाण्याची, एक रिकामी. डबा टीव्हीवर दोन्ही मिसळतात. झालं पाणी!”

“मी तुम्हाला चांगली वायर आणून दिली होती ना?”

“ती लावली, चित्र लख्ख झालं अन् पाणीच गेलं लेका! निस्त्या रेघा.”

“आणि राखाड्या?”

हे विचारायला नको होतं.

“त्याला सगळं आयतं! रंग लई, आरपार पाणी घरचंच. पण पळवायला जा, मियाँ दमले! काळ्याचा गडी बघ कसा सुसाट जातो.”

साडेदहा वाजले. माझं डोकं फिरलं. “काका, बायका हंडे घेऊन टँकरमागं पळतायत आणि तुम्ही खोट्या पाण्याची तुलना करताय? राखाड्याचं पाणी चांगलं, रंग जास्त, राखाड्याच भारी. विषय संपला! सही करा.”

काकांनी टीव्हीचा आवाज बंद केला.

“माहीत हाय मला.”

“मग भांडता कशाला?”

“राखाड्या मुक्ताचा. शाळेत होती तेव्हापासून लेक माझ्याशी यावरून भांडते. आता कॅनडात असते. कसं चाललंय विचारलं की ‘छान’ म्हणते अन् फोन ठेवते. पण यावरून तासभर भांडते बघ. दर रविवारी आपणहून फोन करते.” त्यांनी पेन घेतलं, निवेदन न वाचताच सही केली. “उद्या तिला काय सांगू? माझे मुद्दे संपले.”

मोर्च्यांची पत्रकं मीच लिहितो; कमकुवत बाजू पत्रकात कशी मांडायची, हे मला कुणी शिकवायला नको. निवेदनाची जादा प्रत उलटी केली आणि मागं ठळक लिहिलं : ‘काळ्याच का?’ खाली आकडे टाकून मुद्दे. पहिला : ‘राखाड्यानं नुसता नळ उघडला, काळ्याकडं पाणीच नव्हतं, तरी त्यानं रेघांतून धबधबा उभा केला.’

पाच मुद्दे झाले. काकांनी ओठ हलवत सगळे वाचले, पाचव्यावर बोट ठेवलं.

“एवढा राखून ठेवतो,” ते म्हणाले. “पुढच्या रविवारी लागंल.”