कडूबाला थांबवण्यासाठी सत्कार

या, असं अलीकडं सरकून बसा. गोष्ट घडून गेली तरी माझा राग गेलेला नाही, आणि राग मोठ्यानं सांगायची सोय नाही. आणीबाणी उठली त्या वर्षीच्या हिवाळ्यातली, आमच्या तीर्थपुरीच्या सेवा मंडळाची ही हकिगत. संस्थेतला माणूस टिकवायचा कसा, याची अगदी खात्रीची युक्ती मी काढली होती. युक्तीत खोट नव्हती. खोट गावात होती.

मंडळाचं काम म्हणजे वाचनालय, पाणपोई आणि वर्षातून एकदा कीर्तनाचा सप्ता. पदाधिकारी ढीगभर, काम करणारा एकटा कडूबा. त्याच्याआधीचा एकही शिपाई धड टिकला नव्हता. कडूबा टिकला. रांजण तो भरायचा, सतरंज्या तो अंथरायचा, आणि कीर्तन ऐन रंगात आलं की गॅसबत्ती मंदावायच्या आत त्याचा हात पंपावर. बुवांच्या डोळ्यांतलं पाणी मला दिसायचं ते कडूबाच्या कृपेनं.

आणि सप्ता तोंडावर आलेला असताना बातमी आली, की नवीन जालन्यात बियाण्याच्या एका गोदामावर कडूबाला राखणदाराची नोकरी मिळून राह्यली.

अध्यक्ष बद्रीनाथभाऊ म्हणाले, "जाऊ द्या, संपतराव. दुसरा पाहू."

"दुसरा बत्ती फोडंल, भाऊ. माणसाला मान पाहिजे. भर चावडीपुढं सत्कार करू. शाल, नारळ, फेटा, फोटो. मंग जातो का पाहा."

"आन तरी गेला तर?"

"एवढा मान घेऊन कोणत्या तोंडानं जाईल?"

आता तुम्हीच सांगा, यात कुठं चूक दिसते? पण आमच्या गावानं आजवर शाल-नारळ पाहिला तो बदली झालेल्या तलाठ्याच्या नाहीतर रिटायर झालेल्या मास्तरांच्या वाट्याला. कडूबाचा सत्कार आहे म्हटल्यावर गावानं परस्पर ठरवून टाकलं, की मंडळानं कडूबाला काढला.

सभेला ही गर्दी. मला वाटलं, कौतुकाला आलेत. तेवढ्यात शेजारच्या केशरबाईनं कडूबाच्या बायकोच्या, बेबीनंदाच्या, गळ्यात पडून हंबरडा फोडला आणि दशम्यांचं गाठोडं तिच्या हातात कोंबलं. "वाटंत खा गं माय. परक्या गावात कोण ईचारतं?"

बेबीनंदा बावरली. "मावशी, आमी कुठं चाल्लो?"

"लपवू नको. आमाला काय कळत न्हाई का?" असं म्हणून बायांनी तिची ओटीसुद्धा भरून टाकली.

मी ठरवलं, एका दृष्टांतात हा गैरसमज धुऊन काढायचा. जन्मभर कीर्तनं ऐकलेला माणूस मी. कडूबा आम्हाला किती लाडका हे सांगायला मी सगळ्यांत गोड प्रसंग धरला. देव गोकुळ सोडून मथुरेला निघतो, गोपी रथ अडवतात, चाकांना मिठ्या मारतात. पुढं मला म्हणायचं होतं, "तसं आम्ही तुला अडवणार." पण चाकापर्यंत येता येता माझाच कंठ दाटला आणि मी खाली बसलो. बाया रडायल्या, गडी उपरण्यानं डोळे पुसायले, भाऊंनी कडूबावर शाल टाकली आणि कोणी शहाणा बैलगाडी जुंपायला पळाला.

कडूबा फेटा सावरत माझ्या पायाशी वाकला. "दादा, माझं काय चुकलं व्हतं ते तरी सांगायचं."

"अरे, तू जाऊ नये म्हणून तर हे सगळं!"

"मी कुठं जाऊन राह्यल्तो? सप्ता टाकून गोदाम राखू का? त्याला न्हाई म्हणून कळवलं. भाऊला कालच सांगितल्तं."

मी भाऊंकडं पाहिलं.

"सांगितल्तं खरं," भाऊ शांतपणे म्हणाले. "पण फोटोवाला जालन्याहून निघाल्ता. मंग म्हटलं, होऊन जाऊ द्या."

असा संताप आला की विचारू नका. पण आधी कडूबाला धरलं. "मंग राहा की बाबा. बिलकुल जाऊ नको."

"आता कसं राहू, दादा? आख्ख्या गावानं रडून वाटंला लावलं. उद्या पाणपोईवर दिसलो तर लोक म्हणतील, आमाला एवढं रडवलं आन हा हितंच."

"आन भरलेली ओटी परत देत्यात का कुठं?" बेबीनंदा म्हणाली.

गाडी आलीच होती. गाव तीत भांडीकुंडी भरत होतं, इतक्या प्रेमानं की त्यात वाचनालयाची एक खुर्चीही गेली. नकार कळवलेला असूनही गोदामवाल्यांनी त्याला ठेवून घेतलं. एवढंच नाही, फेट्यातला फोटो पाहून हा कोणी मोठा माणूस दिसतो म्हणाले आणि थेट मुकादम केलं.

मंडळाच्या पुढच्या बैठकीत भाऊंनी आपल्या संस्थेतून घडलेला माणूस म्हणून त्याच्या अभिनंदनाचा ठराव मांडला. तो एकमतानं मंजूर झाला. माझाही हात वर होता, काय करता.

तेव्हा मंडळी, माझ्यासाठी एवढं करा. तुमच्याकडं कीर्तन उभं राहिलं, टाळ वाजले, तुम्ही देवाला हात जोडले, की आमच्या कडूबाची आठवण काढा. पोटापाण्याचं त्याचं बरं चाललंय, पण त्या गोदामात कीर्तन होत नाही.